ऐनवेळचा विषय

अमेरिकेत, थोरल्या अतुलच्या हर्नडनच्या घरात, बेसमेंटमध्ये, रविवारी दुपारी दोन वाजता मेश्राम कुटुंबाची सभा भरायची होती. आणि एक वाजून दहा मिनिटं झाली तरी रोशनीला सूचक मिळाला नव्हता.

सूचकाशिवाय मेश्रामांच्यात कोणी शिकलेलं नाही. १९७१ साली नागपुरात मोठे काका मनोहर यांनी धाकट्या गुरुनाथला कॉलेजात घालायचा ठराव घरच्यांसमोर मांडला, एका आत्याने अनुमोदन दिलं, आणि पुढे तो शिरस्ताच झाला. शिक्षणाचा विषय घरच्या सभेत यायचा. ज्याचं शिक्षण, त्याने तो मांडायचा नाही. आपल्या शिकण्यात आपल्याशिवाय आणखी कोणालातरी अर्थ दिसला पाहिजे, अशी त्यामागची भूमिका. नियम गुणी होता. त्यातून तीन इंजिनिअर, दोन प्राध्यापक आणि एक तहसीलदार निघाला. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले गुरुनाथ आणि रत्ना थोरल्या मुलाकडे अमेरिकेत कायमचे आले, तेव्हा त्यांनी नागपुरातून दोन गोष्टी आणल्या: कढीपत्त्याचं रोप आणि हा नियम. रोप विमानतळावर अडवलं गेलं.

रोशनी धाकटी सून. तिचा नवरा प्रफुल्ल अमेरिकन सैन्यात दहा वर्षं काढून आज बाहेर पडत होता. आज म्हणजे अक्षरशः आज. कागदोपत्री रात्री बारापर्यंत तो सार्जंट, त्यानंतर थोरल्या भावाच्या बेसमेंटमधला बिनभाड्याचा भाडेकरू.

अडचण अशी होती. सैनिकाने पुरेशी नोकरी केली की कॉलेजच्या छत्तीस महिन्यांचा खर्च सरकार उचलतं. त्याला स्वतःला शिकायचं नसेल तर वर्दीत असेपर्यंत तो ते महिने बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर करू शकतो. प्रफुल्लने ते चार वर्षांपूर्वी केले होते, मुलगी मैत्री हिच्या नामकरणाच्या दिवशी. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, खीर, आणि मग घरची पद्धत: प्रत्येकाने बाळाच्या शिक्षणासाठी काहीतरी द्यायचं. शिवांगीकाकूने शब्दकोश दिला. प्रफुल्लने सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडून छत्तीसच्या छत्तीस महिने दीड महिन्याच्या मुलीच्या नावावर टाकले आणि त्या बदल्यात सैन्याला आणखी चार वर्षं लिहून दिली. टाळ्या झाल्या. रोशनीने मांडीवरच्या बाळाच्या पाठीवरच हलकेच टाळी वाजवली. नामकरणात बाळाच्या आईला कोणी काही देत नसतं, त्यामुळे आपल्या नावापुढे शून्य आहे हे तिच्याही लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं परवा, शुक्रवारी. सोमवारी सुरू होणाऱ्या नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाल्याचं पत्र हातात घेऊन तिने कॉलेजच्या ऑफिसात फोन केला. सैनिकांच्या घरच्यांसाठी तिथे एक बाई बसते.

“तुझ्या नावावर किती महिने आहेत?” बाईंनी इंग्रजीत विचारलं.

“माझ्या? मुलीच्या नावावर छत्तीस आहेत.”

“एकही नाही? एक जरी असता तर नवऱ्याला नंतर कधीही बदल करता आला असता. मुलीचे तुला, तुझे मुलीला. पण नवीन नाव घालायचं ते वर्दीत असेपर्यंतच. तो बाहेर कधी पडतोय?”

“रविवारी.”

“हनी, मग तू माझ्याशी काय बोलत बसलीयस?”

प्रफुल्ल तेव्हा सामानाचा ट्रक घेऊन कॅन्ससच्या तळावरून निघाला होता; रोशनी मैत्रीला घेऊन आधीच हर्नडनला पोचली होती. शनिवारी संध्याकाळी तो ड्राइव्हवेत उतरला, आणि रोशनीने त्याला तिथेच, ट्रकच्या मागच्या दाराशी गाठून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

“करू ना,” तो म्हणाला. “पाच मिनिटांचं काम आहे. उद्या सभा आहेच, बाबांना विचारू आणि करू.”

“विचारायचं कशाला? अकाउंट तुझं आहे.”

“नामकरणात दिलेलं आहे, रोशनी. बुद्धासमोर. ठरावाशिवाय कसं काढणार?”

प्रफुल्ल शूर होता. दोनदा तैनातीवर जाऊन आला होता, एकदा छातीवर पदक घेऊन. बाबांना न विचारता एक बटण दाबण्याइतका मात्र नव्हता.

आणि नवरा सूचक चालत नाही. पती-पत्नी हा एकच पक्ष, असा निर्णय गुरुनाथबाबांनी मागेच देऊन ठेवला होता.

*

“मी?” शिवांगी म्हणाली. ती किचनमध्ये पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती. थोरली जाऊ, पुण्याची, एका मोठ्या कंपनीत टेस्टिंग मॅनेजर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळायचा आणि ती घरीही सुट्टी घेत नसे. “माझंच नाव का सुचलं तुला?”

“ताई, दादा बाबांच्या विरुद्ध जाणार नाहीत. आई फक्त अनुमोदन देतात. उरलं कोण?”

“म्हणजे मी लास्ट ऑप्शन. थँक यू.” शिवांगीने कोथिंबिरीची आणखी एक मूठ घेतली. “आणि बाकीचे ऑप्शन ट्राय केलेस का? मिलिटरी वाइफ्सना ग्रँट असते ना काहीतरी?”

“ती घेतली. त्याच्यातूनच नर्सिंग असिस्टंटचं सर्टिफिकेट केलं कॅन्ससला. ती छोट्या कोर्सची असते, आणि नवरा बाहेर पडला की बंद.”

“स्कॉलरशिप?”

“तीन ठिकाणी अर्ज केला. दोघांनी कळवलं नाही. तिसऱ्यांनी कळवलं की कॉम्पिटिशन फार होती, आणि सोबत देणगीचा फॉर्म पाठवला.”

शिवांगीला हसू आलं, ते तिने कोथिंबिरीत लपवलं. “फेडरल एड?”

“प्रफुल्लचा गेल्या वर्षीचा पगार बघून त्यांना वाटलं आम्ही खाऊनपिऊन सुखी आहोत. राहिलं लोन. नवऱ्याला उद्यापासून नोकरी नाही, मला कोण देणार?”

खरं सांगायचं तर गेल्या दोन महिन्यांत शिवांगीने मनातल्या मनात एक सुरेख व्यवस्था लावून ठेवली होती. रोशनी बेसमेंटमध्ये राहायला येणार. म्हणजे आईंच्या गुडघ्याच्या अपॉइंटमेंटी रोशनी, बाबांचं पथ्य रोशनी, इशिताला व्हायोलिनच्या क्लासहून आणणं रोशनी. सोळा वर्षांत पहिल्यांदा शिवांगीने ऑफिसात ‘संध्याकाळच्या मीटिंगला मी अव्हेलेबल आहे’ असं कळवलं होतं. त्या व्यवस्थेतली रोशनी पांढरे बूट घालून हॉस्पिटलात निघून जात नव्हती.

“आमच्या वेळेला कोणी उभं राहिलं नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “दोन हजार अकरा. इशिता दोन वर्षांची. मला मास्टर्सला ॲडमिशन होती. आई-बाबा नागपूरला, स्काइपवर सभा. अतुलने ठराव मांडला, तर बाबा म्हणाले, नवरा चालत नाही. मग सगळे गप्प. मी कॅमेऱ्यात मावावं म्हणून स्टुलावर बसले होते, ते स्टूल अजून आठवतं मला. सहा वर्षांनी केलं मग, स्वतःच्या पगारावर, रात्री जागून. मेले नाही.”

“नाही,” रोशनी म्हणाली.

“मग तुलाही जमेल.”

“जमेल,” रोशनी म्हणाली आणि पोह्यांचं भांडं उचलून खाली निघाली. भांडं जड होतं. जिन्यात तिला दिसेनासं झालं, तेव्हा तिने ते एका पायरीवर टेकवून डोळे पुसले. पोह्यांवर पाणी पडू नये एवढी काळजी घेतली.

*

सभा दोनला म्हणजे दोनला सुरू झाली. अध्यक्ष गुरुनाथ मेश्राम. वय बहात्तर, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. मागच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बाजूला पिंगपाँगचं टेबल, आणि व्हाइटबोर्डवर इशिताच्या अक्षरात कार्यक्रमपत्रिका. इशिता इतिवृत्त लिहायची. लॅपटॉप तिच्या मांडीवर होता आणि चेहऱ्यावर सोळाव्या वर्षी असतो तो अमर्याद कंटाळा.

पहिला विषय प्रफुल्लचा सत्कार. त्याला शाल आणि पुष्पगुच्छ देण्यात आला. गुरुनाथबाबांनी भाषण केलं. महार बटालियनपासून सुरुवात करून ते बावीस मिनिटांत कॅन्ससला पोचले. दुसरा विषय प्रफुल्लची नोकरी. अतुलने त्याच्या कंपनीतल्या सायबर सिक्युरिटीच्या जागेबद्दल सांगितलं, गुरुनाथबाबांनी ‘योग्य’ म्हटलं, रत्नाने नेहमीप्रमाणे मान हलवून अनुमोदन दिलं.

“ऐनवेळचे विषय,” गुरुनाथबाबा म्हणाले. “अध्यक्षांच्या परवानगीने. आहे का कोणाचा?” आणि उत्तराची वाट न बघता चष्मा काढून घडी घालू लागले.

प्रफुल्ल उभा राहिला. शाल अजून खांद्यावर होती. “बाबा, रोशनीच्या नर्सिंगच्या—”

“बस.”

“बाबा, आज शेवटचा दिवस आहे. मैत्रीच्या महिन्यांतला एक—”

“पती-पत्नी एक पक्ष. बस. दुसऱ्या कोणाला मांडायचं असेल तर मांडावं.”

दहा वर्षांत शेकडो माणसांना हुकूम सोडलेला सार्जंट खाली बसला. अतुलने फोन बघितला. रोशनी मैत्रीच्या वेणीचं रबर काढून पुन्हा लावत होती. ते आधीच नीट होतं.

शिवांगीला आपलं स्टूल आठवलं. लाकडी, तीन पायांचं, पुण्याहून आलेल्या एका मैत्रिणीने देऊन टाकलेलं. त्या दिवशी सभा संपल्यावरही ती त्याच्यावर बसून होती, कारण उठली असती तर अतुलकडे बघावं लागलं असतं. आणि आत्ता समोर रोशनी नेमकं तेच करत होती: कोणाकडेही बघत नव्हती. संध्याकाळच्या मीटिंगा, व्हायोलिन, गुडघे, सगळं शिवांगीच्या डोळ्यांसमोरून एकदा गेलं.

“मी मांडते,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

“काय?” अतुल म्हणाला.

“ठराव. रोशनीला नर्सिंगला पाठवायचं. आणि त्यासाठी प्रफुल्लने आज, आत्ता, एक महिना तिच्या नावावर टाकून तिचं नाव त्या यादीत घालायचं. लिही गं इशिता.”

“लिहितेय,” इशिता म्हणाली. कंटाळा गेला होता. “अनुमोदन हू?”

सगळ्यांनी सवयीने रत्नाकडे पाहिलं. पण गुरुनाथबाबा मध्येच बोलले, “अनुमोदनाआधी विचार करा. पोरीच्या तोंडचं काढून आईला द्यायचा ठराव आहे हा.”

“दादा?” शिवांगी नवऱ्याकडे वळली. ती त्याला ‘दादा’ फक्त रागावल्यावर म्हणायची.

अतुल खाकरला. तो सज्जन होता आणि सज्जन माणसाला निर्णय घ्यायला वेळ लागतो. “म्हणजे, मैत्रीचं नुकसान होत असेल तर... एकूण स्ट्रक्चर काय आहे याचं? फक्त फी?”

“फी,” प्रफुल्ल बसल्या जागेवरून म्हणाला, “पुस्तकं. आणि नवरा सैन्यात नसेल तर तिला दरमहा घरभाड्याचा भत्ता.”

“घरभाड्याचा,” अतुल म्हणाला. त्याची नजर बेसमेंटभर फिरली. पिंगपाँगचं टेबल, छोटं बाथरूम, मागचं दार. “शिक्षण ही बेसिक गोष्ट आहे, बाबा. माझं अनुमोदन.”

“डॅड, सो प्रिन्सिपल्ड,” इशिता पुटपुटली आणि तेही लिहिलं.

“माझा ह्याला विरोध आहे,” गुरुनाथबाबा म्हणाले.

“आजोबा, यू कान्ट.” इशिताने स्क्रीन वर सरकवली. “नियम सात. अध्यक्षांना बाजू घ्यायची असेल तर खुर्ची सोडावी लागते. तुम्हीच टाइप करायला लावला होता मला, समर व्हेकेशनमध्ये.”

गुरुनाथबाबांनी नातीकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता. ते उठले, खुर्ची रिकामी झाली, आणि चोपन्न वर्षांत पहिल्यांदा असा प्रश्न आला की बसणार कोण. सूचक-अनुमोदक दोघं बाद, नवरा-बायको बाद.

“तू बस गं पाच मिनिटं,” ते रत्नाला म्हणाले.

*

खुर्ची ऑफिसची होती, फिरणारी. रत्ना बसली तशी ती थोडी डावीकडे वळली. तिने पायाने ती सरळ केली.

तिने आजवर अकरा ठरावांना अनुमोदन दिलं होतं. दिरांचे, नणंदेच्या मुलांचे, स्वतःच्या दोन्ही मुलांचे. स्काइपच्या त्या दिवशी मात्र अनुमोदन द्यायला ठरावच नव्हता. सूचक नसला की अनुमोदक काय करणार? पडद्यावरची शिवांगी फार लहान दिसत होती. त्या रात्री रत्नाला वाटलं होतं, आपण मांडला असता तर? वाटलं होतं एवढंच. स्वतः मॅट्रिकला ती पहिल्या वर्गात आली होती. तेव्हा माहेरी सभेची पद्धत नव्हती, सरळ लग्नाची होती.

“बोला,” ती नवऱ्याला म्हणाली.

गुरुनाथबाबा उभे राहिले. भाषणाचा आवाज लागला नाही, साधाच निघाला. “इंदू माझी बहीण. एकाहत्तर साली सहावीत होती. तिच्या शाळेसाठी आईने वेगळं काढून ठेवलेलं होतं. मला कॉलेजात घालायचं ठरलं. मनोहरदादाने ठराव मांडला, टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. फी कुठून आली, तर तिथून. म्हणाले, पुढच्या वर्षी परत ठेवू. पुढच्या वर्षी माझी दुसऱ्या वर्षाची फी होती.” ते थांबले. “इंदू त्याच्यानंतर शाळेत गेली नाही. तिने कधी मला बोलून दाखवलं नाही. राखी... भावासाठी जे करायचं ते सगळं केलं तिने. म्हणून मी सांगतो, लेकराच्या नावाने ठेवलेल्याला मोठ्यांनी हात लावायचा नाही. एक महिना नाही, एक दिवस नाही. थोडंसंच म्हणून सुरुवात होते.”

अतुलला हे माहीत नव्हतं. प्रफुल्लला नव्हतं. पहिला ठराव, ज्याची तारीख घरातलं प्रत्येक मूल पाठ म्हणायचं, तो असा होता.

रोशनीला सगळ्यात वाईट हे वाटलं की म्हातारा खरं बोलत होता. तिने तयारी केली होती ती हट्टी सासऱ्याची.

“मला बोलायचंय,” ती म्हणाली.

“ती पक्ष—” गुरुनाथबाबा म्हणाले.

“बोलू द्या,” अध्यक्ष म्हणाल्या.

“बाबा, मला एकच महिना पाहिजे. एकच. नाव तेवढं लागू द्या आज. आज नाही लागलं तर पुन्हा कधीच लागत नाही. पुढचं पुढे बघू, तुम्ही म्हणाल तसं. मैत्रीचे पस्तीस तसेच राहतील.”

“एका महिन्यात नर्स होतेस तू?” रत्नाने विचारलं.

“नाही, आई.”

“मंग?”

“एकवीस लागतात.”

“एकवीस लागतात, अन् एक मागतेस.” रत्नाची खुर्ची पुन्हा डावीकडे वळायला लागली, तिने ती धरली. “एकवीस झाल्यावर काय होतेस?”

“नर्स. लायसन्सवाली. नोकरी लागते.”

“अन् त्याच्यापुढे काही असते का नसते?”

रोशनीने मैत्रीचा फ्रॉक सारखा केला. असतं. तिला कॉलेजच्या माहितीपुस्तिकेची पानं पाठ होती. दोन वर्षांचा कोर्स झाला की वरची डिग्री. मग हृदयाच्या रुग्णांचा विभाग, मग शिकवणं. नागपूरला मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. करून ती इथे आली आणि सहा वर्षं तिने नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलली. दरवाज्यात उभी राहून ती नर्सला औषधाच्या डोसचा हिशोब करताना ऐकायची, आणि दोनदा तिला चूक कळली होती. तिने दोन्ही वेळा सांगितलं. एकदा तिचं ऐकलं गेलं.

“असते,” रत्नानेच उत्तर दिलं. “तोंडावर दिसून राहिलं. आता सांग. मागितला एक. लागतात एकवीस. पाहिजेत किती?”

स्वतःसाठी मागायचं नाही. नियम क्रमांक एक. इशिताची बोटं कळफलकावर थांबली. मैत्री आईच्या मांडीवरून उतरून पिंगपाँगचा चेंडू शोधायला टेबलाखाली गेली होती.

“पस्तीस,” रोशनी म्हणाली.

तिचा आवाज बेसमेंटला जरा मोठा झाला. तिने तो कमी केला नाही. “पस्तीस पाहिजेत, आई. एक मैत्रीचा राहू द्या, म्हणजे तिचं नाव यादीतून जात नाही. आधी नर्स, मग वरची डिग्री. मैत्री चार वर्षांची आहे. तिला कॉलेजला जायला चौदा वर्षं आहेत, मला सोमवारी जायचंय. चौदा वर्षांत मी तिला सरकारपेक्षा बरं शिकवीन. उरतील ते महिने परत तिचे. नाही उरले तर तिच्या आईचा पगार आहे.”

अतुल म्हणाला, “वॉव.” शिवांगीने त्याला कोपर मारलं, पण स्वतः ती पुढे सरकून अगदी कडेवर बसली होती.

रत्ना नवऱ्याकडे वळली. या वेळी खुर्ची मुद्दाम वळवली. “ऐकलं? इंदूताईचं घेतलं तेव्हा तिच्या नावाने एक दिवस ठेवला होता का कोणी? अन् तिच्या मायला कोणी शिकवलं होतं? माय शिकली असती तर दोघांची फी भरली असती तिने. तुम्हाला पोरीचं चोरलं जाईल याची भीती आहे. पोरीची मायच शिकून राहिली, चोरणार कोण?”

“हे तू अध्यक्ष म्हणून बोलतेस की—”

“अध्यक्ष म्हणून. ठरावात दुरुस्ती पाहिजे. एकाच्या जागी पस्तीस.”

“अध्यक्षांना दुरुस्ती मांडता येत नाही,” गुरुनाथबाबा म्हणाले. ते चर्चा हरत होते, पण नियम शाबूत होते आणि त्यात त्यांना थोडा दिलासा होता.

“बरोबर. मंग तुम्ही मांडा. तुम्ही आता साधे सभासद आहा.”

गुरुनाथबाबा उभेच होते. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं. त्यांना इंदूची सहावीची पाटी आठवत होती की नाही सांगता येत नाही. पण ते रोशनीकडे बघत होते, आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच. ही मुलगी सात वर्षांपूर्वी घरात आली तेव्हा ते म्हणाले होते, सून बोलत नाही, चांगली आहे.

“एक महिना पोरीचा राहतोच?”

“राहतोच, बाबा,” प्रफुल्ल म्हणाला. “आणि केव्हाही वाढवता येतो.”

“कोण म्हणतं?”

“सरकार.”

सरकारवर त्यांचा विश्वास होता. छत्तीस वर्षं नोकरी केली होती. त्यांनी घसा साफ केला, आणि भाषणाचा आवाज परत आला.

“अध्यक्ष महोदया. मूळ ठरावात ‘एक महिना’ या शब्दांऐवजी ‘पस्तीस महिने’ हे शब्द घालावेत, अशी मी दुरुस्ती मांडतो.”

“अनुमोदन!” हे तिघांनी एकदम म्हटलं. त्यात प्रफुल्लही होता, जो पक्ष असल्यामुळे बाद होता, आणि इशिता, जिला मताचा अधिकार अठराव्या वर्षी मिळणार होता. इशिताने तिघांचीही नावं लिहिली.

लॅपटॉप पिंगपाँगच्या टेबलावर आला. प्रफुल्लने आर्मीचं कार्ड खाचेत सरकवलं. त्याचा पिन एकदा चुकला, आणि बेसमेंटमधल्या एकाही माणसाने श्वास घेतला नाही. दुसऱ्यांदा बरोबर आला. मैत्रीच्या नावापुढे छत्तीस. रोशनीच्या नावापुढे शून्य. त्याने शून्य खोडलं.

“थांब,” रोशनी म्हणाली. “मी टाकते.”

तिने तीन दाबलं, मग पाच. मुलीच्या नावापुढे एक. मग खालचं निळं बटण. पान गोल गोल फिरलं, पांढरं झालं, आणि हिरव्या अक्षरात परत आलं. तीन वाजून एकोणचाळीस मिनिटं. वर्दी उतरायला आठ तास एकवीस मिनिटं बाकी होती.

“झालं?” गुरुनाथबाबांनी विचारलं.

“झालं, बाबा.”

प्रफुल्लने तिला उचललंच. शाल खाली पडली. अतुल टाळ्या वाजवत होता, शिवांगी दोन बोटं तोंडात घालून शिटी मारत होती; तिला ती येते हे अतुलला लग्नाच्या अठराव्या वर्षी कळलं. मैत्री टेबलाखालून चेंडू घेऊन बाहेर आली आणि सगळे आनंदात आहेत असं बघून तिनेही उड्या मारल्या.

“माय स्टार्ट्स मंडे,” ती म्हणाली.

“मम्मा,” रोशनीने तिला मांडीवर घेत दुरुस्त केलं, कारण ‘माय’ ती नुकतीच आजीकडून उचलत होती. मग म्हणाली, “नाही, माय पण चालेल.”

गर्दी जरा निवल्यावर गुरुनाथबाबा खुर्चीजवळ गेले. हात मागे बांधून, समोरच्याने जागा द्यावी म्हणून उभं राहतात तसे. “आभार मानून सभा संपवायची ना?”

“एक विषय राहिला.” रत्ना उठली नाही. “मला गाडी शिकायची आहे. चालवायला. लायसन्स काढायचं.”

प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच रस्ता आला, सहा पदरी, आणि त्यावर आई. अतुलने त्याच्या नव्या गाडीचा विचार केला. शिवांगीने विम्याचा केला. प्रफुल्ल, ज्याने वाळवंटात ट्रकांचे ताफे नेले होते, पायाच्या बोटांकडे बघू लागला.

“स्वतःचं स्वतः मांडता येत नाही,” रत्ना म्हणाली. “कोणी आहे का?”

रोशनीने मैत्रीला मांडीवरून खाली ठेवलं आणि उभी राहिली.